हळदीच्या हातावरचं अत्तर

कुरुंद्याहून हिंगोलीला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी माझी पिवळी नखं पाहिली आणि विचारलं, "हळदीचं काम करता का, ताई?"

मी "व्हय" म्हणताच त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि पिशवीतून अत्तराच्या तीन कुप्या काढल्या. "माझी होणारी सून बी हळदीच्या घरची हाय. उद्या निकाह. माझ्या हातावर लावून काय कळणार?" हिंगोलीत उतरल्यावर एक कुपी ठेवून बाकीच्या दोन दुकानदाराला परत द्यायच्या होत्या.

मला अत्तराचं वेड कधीच नव्हतं. तरी थोड्याच वेळात मीच बाही वर सारून बसले. मनगटावर गुलाब, जरा वर मोगरा, हाताच्या पाठीवर खस. त्या डोळे मिटून हुंगायच्या, मग मला हुंगायला लावायच्या. मोगऱ्यानं हळदीचा वास पार पुसून टाकला.

"हाच घ्या चाची, हळद कळतच न्हाई," मी म्हणाले.

त्या उसळल्या. "झाकायची काहून? तिच्या माहेरचा वास हाय तो!"

मग मीही नव्या जोमानं हुंगू लागले. औंढ्यापर्यंत गुलाब नुसताच गोड गोड झाला. खस मात्र हळदीत मुरला आणि पाणी दिलेल्या शेतासारखा वास आला.

"खस!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. कंडक्टरनं वळून पाहिलं.

हिंगोलीला त्या आधी उतरून दुकानाकडे निघाल्या. मी अजून सीटवर पिशवी आवरत होते, तोच त्या पुन्हा खिडकीखाली आल्या. "उद्या निकाहला या. पण हात धुऊ नका हां, सुनेला दाखवायचाय!"