नसीमचं वजू

काल नातीला नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायचं वजू शिकवताना तिच्या कोपरावरून पाणी ओघळलं आणि मला तेलगावचं आमचं अंगण आठवलं.

तेव्हा गावात टेलिफोन बूथ नुकतं आलं होतं. थोरली बहीण नसीम परभणीला सासरी वारल्याचा निरोप तिथंच आला. आम्ही पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. अम्माला तिचं तोंडही दिसलं नाही. पुढं अम्माचं भान हळूहळू सुटत गेलं आणि ती दिवसभर नसीमला हाका मारू लागली.

एका दुपारी नमाजाआधी मी वजूला बसले, तर तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला. मला चूळ भरू न देता ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसले, मग नाक. असं वजू दफनाआधी मयताला घालतात.

"लई गार हाय का गं पाणी, नसीम?" तिनं विचारलं.

मी नसीम नाही, हे ओठांवर आलं होतं. पण तिचा हात इतक्या मायेनं फिरत होता, की मी डोळे मिटून घेतले. तिनं चेहरा धुतला, कोपरापर्यंत हात धुतले, केसांवरून ओला तळवा फिरवला, शेवटी पाय धुतले. मी हलले नाही.

त्यानंतर अम्मानं नसीमला कधी हाक मारली नाही. आणि मलाही नाही.