आप्पा डॉक्टरांची फेरतपासणी

आप्पा डॉक्टरांकडे दाढ दाखवायला गेलं, की ते आधी तोंड उघडायला सांगत नसत. खुर्चीवर बसवत, काचेच्या बरणीतून दोन फुटाणे काढून हातावर ठेवत आणि म्हणत, "खा. एक डावीकडं, एक उजवीकडं." मग समोर स्टूल ओढून बसत आणि आपल्या तोंडाकडे नाही, तर डोळ्यांकडे टक लावून बघत. कळ आली की पापणी कुठंतरी हलतेच, असं त्यांचं म्हणणं. "तोंड खोटं बोलतं भाऊ. डोळ्याला ते जमत नाही."

त्यांचं पूर्ण नाव त्र्यंबक महाजन. मुंबईला दातांचं शिकून आले आणि बुऱ्हाणपुरात चौकाजवळ एका माडीवर त्यांनी दवाखाना थाटला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बुटके, गोरे, धोतरावर कोट. दाढ कोरायचं यंत्र पायानं चालवायचं होतं. शिवणयंत्रासारखा त्याचा पाय हलवताना ते गुणगुणत. ती गुणगुण थांबली की रोग्यानं समजावं, आता दुखणार.

मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. लग्नाच्या वर्षी आप्पांनी माझ्या बायकोच्या, विमलच्या, खालच्या दाढेत चांदी भरली. चांदी आणि पारा खलात घोटून तो लगदा दाढेत कसा ठासतात, हे त्यांनी आम्हा दोघांना कौतुकानं दाखवलं होतं. त्यांना मुलगा एकच, तो नागपूरला नोकरीला. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. संध्याकाळी दवाखाना बंद केला की ते आमच्याकडे चहाला येत. विमलला 'पोरी' म्हणत, मला 'मास्तर'.

सात-आठ वर्षांनी विमलला त्याच दाढेत काहीतरी व्हायला लागलं. दुखणं म्हणावं तर तसं नाही. गोड खाल्लं की एक बारीक कळ यायची आणि लगेच जायची. कधी आठवडाभर काहीच नाही. आप्पांनी फुटाणे खायला दिले. पापणी हलली नाही. आरसा घालून पाहिलं. चांदीच्या कडेवरून टोकदार सळई फिरवली. कड फाटली असेल तर सळईचं टोक तिथं अडकतं. ते कुठंच अडकलं नाही.

"चांगली हाये," ते म्हणाले. "छेडायची नाही. चांदी काढली की तिच्यासंगं थोडी दाढबी जाते. दर वेळी भोक मोठं होतं. जुनं झालं म्हणून कोणी काढतं का?"

त्याच सुमारास गावात दुबे नावाचे तरुण डॉक्टर इंदूरहून आले होते. त्यांच्याकडे विजेवर चालणारं यंत्र होतं. माझ्या एका सहकाऱ्यानं आग्रह केला म्हणून मी विमलला त्यांनाही दाखवलं. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "बहनजी, मसाला पुराना हो गया है। निकलवा के नया भरवा लीजिए।"

"खराब झालाय का?" मी विचारलं.

"पुराना है ना, मास्टरजी।"

आता करायचं काय? एक म्हणतो जुनं म्हणून काढू नका, दुसरा म्हणतो जुनं म्हणूनच काढा. ते दिवसच तसे होते. राज्यांची नव्यानं जुळणी चालली होती. काल आमची राजधानी नागपूर होती, आज भोपाळ झाली. शाळेत मराठी पुस्तकं येणार की हिंदी, हे हेडमास्तरांनाही ठाऊक नव्हतं. कोणत्या राज्यात नोकरी करायची ते लिहून द्या, असा एक कागद माझ्याकडे आला होता आणि तो मी टेबलाच्या खणात टाकून दिला होता. कुठल्याच गोष्टीचा निकाल लावायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. विमल म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं." मी म्हणालो, आप्पा सांगतात तसं. म्हणजे निर्णय माझाच. पुढं मी तो कितीदा तरी आप्पांच्या माथी मारायचा प्रयत्न केला, पण तो माझाच होता.

दोन महिन्यांनी एका सकाळी विमल उठली ती गाल धरूनच. दुपारपर्यंत गालफड टम्म सुजलं, अंगात ताप भरला, तोंड बोटभरही उघडेना. आप्पा जिन्यावरून धावत आले. तिच्या हनुवटीखाली बोटं दाबून पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "सूज गळ्याकडं उतरू राह्यली. मास्तर, इथं थांबू नका. खांडव्याला न्या, आत्ताच्या गाडीनं." ते आमच्याबरोबर स्टेशनापर्यंत आले, गाडीत बसले आणि खांडव्यापर्यंत आले. वाटभर चमच्यानं विमलच्या ओठांवर पाणी सोडत राहिले, ते सगळं बाहेरच ओघळत होतं.

तिथल्या इस्पितळात पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली, गालाखालून पू काढला. दोन दिवस मी तिच्या खाटेजवळून हललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी गिळलं. मग दाढ काढली आणि तिथल्या डॉक्टरांनी ती कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. ती मी आप्पांना नेऊन दिली. का दिली ते सांगता येत नाही. राग होता, की दुसरं काही, मला आजही कळत नाही.

आप्पांनी दाढ दाराच्या उजेडात धरली. वरून चांदी जशीच्या तशी, कड शाबूत. मग त्यांनी दाढ कुशीवर वळवली. शेजारच्या दाताला जी बाजू चिकटलेली असते, तिथं चांदीच्या खाली एक काळी चीर होती. त्यांनी सळई लावली, ती आत गेली.

"इथं," ते म्हणाले, "तोंडात असताना माझी सळई पोचतच नाही."

त्यांनी दाढ पुन्हा पुडीत बांधली.

"मास्तर, गेल्या तीस वर्षांत मी किती जणांच्या दाढा भरल्या, मालूम हाये?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार रोग्यांना बंद होतं. आत आप्पा जुन्या वह्या पसरून बसले होते. प्रत्येक रोग्याच्या नावापुढं त्यांनी दातांचं लहानसं चित्र काढून भरलेल्या जागा शाईनं काळ्या केल्या होत्या. त्यातून ते नावांची यादी करत होते. पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली, "चला. जैनाबादला जायचं."

अशी ती फेरतपासणी सुरू झाली. ज्यांच्या ज्यांच्या तोंडात आपण काही भरलं, त्यांच्या घरी जायचं आणि ते बदलायला आलंय का, हे बघायचं. बोलावणं नाही, तक्रार नाही. तापी ओलांडून जैनाबादला सुपडू पाटलांच्या केळीच्या मळ्यात गेलो, तेव्हा पाटील पाणी धरत होते. त्यांना काही उमगेना. "आप्पा, माही दाढ दुखू नाही राह्यली!"

"दुखत नाही म्हणूनच आलो. तोंड उघडा."

पाटलांनी चिखलाच्या हातांनीच तोंड उघडलं. खकनारला एका दुकानदाराची बायको आम्हाला पाहून आतल्या खोलीत जाऊन बसली आणि दाराआडून ओरडली, "दात उपटायला आले, सांगा मी माहेरी गेली म्हणून!" गावात लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, धंदा दुबे डॉक्टरांकडं गेला म्हणून दारोदार फिरतोय. आप्पांच्या कानावर ते येत होतं. ते मान खाली घालून चालत राहायचे.

प्रत्येक घरी ते निघताना एकच पाठ म्हणायचे आणि समोरच्याकडून म्हणवून घ्यायचे. "घास रोज एकाच फटीत अडकायला लागला, तर या. गार पाणी लागलं आणि ती कळ लागून राहिली, तर या. चावताना टच्‌कन झालं, तर या. जीभ सारखी एकाच कोपऱ्यात जाऊ लागली, तर या. कड खरखरली, दातावर बसवलेली टोपी हलली, तोंडाला वास आला, तर या. आणि काहीच झालं नाही, तरी वर्षातून एकदा याच." शेवटचं वाक्य ते पूर्वी कधी म्हणत नसत.

नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या एका कामगाराची दाढ वरून अगदी विमलच्या दाढेसारखी होती. चांदी चकचकीत, कड शाबूत. त्यालाही गोड खाल्लं की जरा कळ यायची. आप्पांनी त्याला बुऱ्हाणपूरला बोलावून चांदी काढली, तर खाली सगळं कुजकं. साफ करून पुन्हा भरली, दाढ वाचली. त्या दिवशी आप्पा पुष्कळ दिवसांनी गुणगुणले. त्या भरात त्यांनी सुपडू पाटलांची दाढ उघडली. खाली काहीच नव्हतं, पांढरी स्वच्छ दाढ. आणखी दोघांच्या उघडल्या. त्याही निरोगी. पाटलांच्या दाढेची एक भिंत तेवढ्यात चिरली आणि चांगली दाढ अधू झाली. पाटील म्हणाले, "असू द्या आप्पा, दुसऱ्या बाजूनं खाईन." त्यांनी ते सहज म्हटलं, पण आप्पांनी त्या दिवशी पुन्हा हत्यार हातात घेतलं नाही.

संध्याकाळी आम्ही राजघाटावर बसलो होतो. खाली तापीचं पाणी संथ होतं.

"मास्तर, तिची उघडायला पाहिजे होती, ती नाही उघडली. याची नको होती, ती उघडली. वरून दोन्ही सारख्याच. तीस वर्षं मला वाटत होतं, मला कळतं. आता सांगा, मला काय कळतं?"

मी नुसता मास्तर. मला काय सांगता येणार? माझ्या खणातला तो कागद अजून कोराच होता. मी म्हणालो, "आणखी कुणाला तरी विचारावं."

मी हे आपलं बोलायचं म्हणून बोललो. आप्पांनी ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर-कोट घालून, मला बरोबर घेऊन ते दुबे डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि रोग्यांच्या बाकावर ओळीत बसून राहिले. दुबे बाहेर आले ते गडबडूनच गेले. आप्पा म्हणाले, "डाक्टरसाब, मैं जुना बोलके छोडता हूँ, आप जुना बोलके निकालते हो। दोनों गलत। आपण दोघांनी मिळून बघू. दोघांचं जुळलं तरच उघडायचं. नाही जुळलं, तर थांबून पुन्हा बघायचं."

दुबेंना त्यातलं अर्धं मराठी समजलं असेल-नसेल. पण ते वाकून आप्पांच्या पाया पडले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर वर्षभर दोघंजण दर गुरुवारी एका खुर्चीपाशी दोन आरसे घेऊन उभे राहायचे आणि बिचारा रोगी तोंड वासून हिंदी-मराठीतला त्यांचा वाद ऐकत बसायचा. निम्म्या वेळा त्यांचं जुळायचं नाही.

मी तो कागद अखेर भरला आणि इथंच राहायचं लिहून दिलं. आप्पांचा मुलगा मात्र हट्टाला पेटला. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं होतं; वडिलांनी एकट्यानं इकडं राहू नये, असं त्याचं म्हणणं. आप्पांनी वह्या दुबेंच्या स्वाधीन केल्या. दुबेंना त्यांचं अक्षर लागेना, म्हणून महिनाभर मी शाळा सुटल्यावर तिथं बसून एकेक नोंद हिंदीत उतरवून दिली.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पा जेवायला आले. जेवणं झाल्यावर विमलनं, मी इतके दिवस विचारू शकलो नव्हतो, ते विचारलं. "आप्पा, माझ्या दाढेत तेव्हा तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं?"

आप्पा तिच्याकडे वळले. "पोरी, तेच मला ठाव नाही. दिसत नव्हतं, की चांगली असंल असं धरून मी बघितलंच नाही? रोज इचारतो मी मला. रोज उत्तर येगळं येतं."

विमलनं त्यांच्या हातावर सुपारी ठेवली. "तुमच्या स्वतःच्या दाढा कुणी बघितल्यात कधी?"

आप्पा चपापले. मुंबईला शिकत असताना त्यांच्या गुरूंनी त्यांच्या वरच्या दाढेत चांदी भरली होती. त्याला पस्तीसेक वर्षं झाली होती आणि त्यानंतर त्यांनी कुणापुढंच तोंड उघडलं नव्हतं.

आम्ही तिघं तसेच दुबेंच्या दवाखान्यात गेलो. आप्पा खुर्चीवर बसले. दुबेंनी आरसा घातला, सळई फिरवली, पुन्हा फिरवली.

"क्या बोलते?" आप्पांनी विचारलं. "काढायची का ठेवायची?"

दुबे अडखळले. "आप्पाजी... ठीक लगती है। लेकिन पक्का नहीं कह सकता।"

आप्पा खुर्चीतून उठले, त्यांनी दुबेंचे दोन्ही हात धरले. "शाबास," ते म्हणाले. "मला हे बोलायला तीस वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी ते गेले. चार वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. आप्पा झोपेतच गेले, त्रास झाला नाही, शेवटपर्यंत बुऱ्हाणपूरच्या गोष्टी सांगत होते, असं त्यात होतं. मी ते विमलला वाचून दाखवलं. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः पुन्हा वाचलं, उलटवून मागची कोरी बाजूही पाहिली.

"आप्पांच्या त्या दाढेचं शेवटी काय झालं, ते नाही लिहिलं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.