एका कोयत्याचं ब्लँकेट

आम्ही पाथर्डीकडचे. नव्वदीतले आमचे सगळे हिवाळे श्रीगोंद्याच्या उसात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस दोघं तोडायची, मोळ्या आई वाहायची, आणि टोळीच्या यादीत नाव एकट्या दादांचं, म्हणजे वडिलांचं.

एकदा गावातल्या मंडळानं आमच्या टोळीला ब्लँकेटं वाटली. पाहुणे यायला दुपार झाली. तोवर तोड बंद ठेवून आम्ही उन्हात बसलेलो. दादांना ब्लँकेट मिळालं. आई पुढं झाली, तर यादीवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या कोयत्याचं दिलं."

"कोयता एक, पर मानसं दोन हायेत की," आई म्हणाली. "थंडी काय एकालाच वाजती व्हय?"

स्टेजवरची मंडळी हसली. मग फोटोत बाई पाहिजे म्हणून दादांचंच ब्लँकेट काढून आईच्या हातात दिलं. फोटो पेपरात आला. वर मथळा: 'ऊसतोड भगिनींना मायेची ऊब'. ते ब्लँकेट आम्ही भावंडं पांघरायचो. आई लुगड्यातच मुटकुळं करून निजायची.

आता मलाही अशा वाटपाला पाहुणी म्हणून बोलावतात. मी आधी यादी मागते. तिच्यात बाया क्वचित सापडतात. फोटोत मात्र हमखास असतात.