सतरा नंबरचं रक्त

मंगळवारी सकाळी पोह्यांची बशी हातात होती आणि लॅबमधून फोन आला. सतरा नंबरच्या सॅम्पलचं हिमोग्लोबिन साडेचार आलंय, दोनदा तपासलं म्हणाले... पोहे तसेच राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी पीएचडी करतेय. कापूस वेचणाऱ्या बायकांचं काम आणि त्यांची तब्येत असा विषय आहे. थोडं मेडिकल, थोडं समाजशास्त्र... त्यामुळे दोन्हीकडची मंडळी मला पलीकडची समजतात.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात रविवारी संध्याकाळी घरोघरी जाऊन प्रश्न विचारले होते. सोमवारी सकाळी अंगणवाडीत टेक्निशियनने रक्त घेतलं. मी यादीतलं नाव पुकारायचे, बाई 'हो' म्हणायची आणि हात पुढे करायची. सगळं कसं वेळेत उरकलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर असावं म्हणतात. आपल्याकडे आठ-नऊ घरोघरी सापडतं, त्याचं कोणाला काही वाटेनासं झालंय. पण साडेचार म्हणजे माणूस चालता चालता कोसळू शकतो. गाईड सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, आधी बाई गाठ.

वहीत पाहिलं. सतरा म्हणजे निर्मलाताई. (नावं बदलली आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) फोन लावला तर बंद... परत लावला, बंद.

स्कूटर काढली. एरवी कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही, त्या दिवशी गाडीवरूनच काहीतरी पुटपुटले. डोक्यात एकच चाललं होतं... लगेच आकडा दाखवणारं छोटं मशीन माझ्याकडे होतं. लॅबचा आकडा पेपरसाठी बरा दिसतो म्हणून मी ते बॅगेतून काढलंच नव्हतं. या बाईला काही झालं तर तो पेपर मी कोणाला दाखवणार होते?

गावात घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई भेटल्या. सोमवारी त्या मीटिंगला तालुक्याला गेल्या होत्या, त्यामुळे रक्त घेताना त्या हजर नव्हत्या. रिपोर्ट ऐकून त्यांचाही चेहरा उतरला. निर्मलाताई वेचणीला गेल्यात म्हटल्यावर आम्ही दोघी सरळ शेताकडे निघालो.

आणि समोरून निर्मलाताई आल्या... डोक्यावर कापसाचं हे एवढं गाठोडं, चाल तरतरीत. मला धाप लागलेली, त्यांना नाही. "काय झालं मॅडम? इतक्या काहून घाबरून राह्यल्या?" त्यांनीच मला विचारलं.

गाठोडं खाली उतरवायला लावलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. छान गुलाबी. मशीन काढून बोटाला सुई टोचली... साडेअकरा.

इथे खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी परत वही उघडली. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली? मग साडेचारवाली कोण? त्या दिवशी रांगेत बसलेल्या बायकांपैकी कोणीही असू शकत होती, आणि त्या सगळ्या आत्ता कुठल्या ना कुठल्या शेतात उन्हात वाकलेल्या होत्या.

मी आशाताईंना एकेक नाव वाचून दाखवायला लागले. कोणाच्या शेतात आधी जायचं, तेच सुचेना. तेव्हा निर्मलाताई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ते रक्त माहं नाही. मी वेचाले गेलती. हजेरी चुकू नये म्हणून जाऊले बसवलं माह्या जागी."

बचत गटाच्या मीटिंगला असंच चालतं. घरातली एक कोणीतरी बसली की झालं, सही दुसरीच्या नावाने. माझं रक्त घेणंही त्यांच्या लेखी मीटिंगच होती... आणि मी मान वर करून चेहरा पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

धावतच घर गाठलं. त्यांची धाकटी जाऊ, संगीता, भिंतीला टेकून बसली होती. बाळ झोळीत. पाच महिन्यांपूर्वी बाळंत झाली, आणि तेव्हापासून हिचा आळस काही जात नाही, एवढीच घरात तक्रार होती. अंगावरून किती रक्त जातंय हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. नळापर्यंत गेली तरी बसावं लागायचं. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. मशीनवरही आकडा तोच.

ती मात्र भलत्याच गोष्टीला घाबरली होती. "तिच्या नावानं 'हो' म्हटलं मी. माही चूक झाली का मॅडम?"

मी मानेनेच नाही म्हटलं. आशाताईंनी तोवर अँब्युलन्स बोलावली होती. बाळाला घेऊन निर्मलाताई सोबत निघाल्या, कापसाचं गाठोडं शेताच्या धुऱ्यावरच राहिलं. यवतमाळला नेल्यावर त्याच दिवशी रक्त चढवलं. काल भेटायला गेले तर संगीता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ओठांना जरासा रंग आलेला.

नियमाप्रमाणे सतरा नंबर आता माझ्या अभ्यासातून बाद. सरांनाही तेच सांगावं लागलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही... माझ्या यादीत फक्त वेचायला जाणाऱ्या बायका होत्या. ज्यांच्या अंगात शेतापर्यंत चालण्याचंही त्राण नाही, त्यांना मी मोजणारच नव्हते. निर्मलाताईंनी नियमाने वागून स्वतःच हात पुढे केला असता तर माझा तक्ता अगदी व्यवस्थित झाला असता, आणि संगीता त्या भिंतीला टेकून तशीच बसून राहिली असती.

निर्मलाताई, त्या खोट्या हजेरीसाठी तुमचे मनापासून आभार. फॉर्मवर मी आता एक प्रश्न वाढवलाय, आणि तोच सगळ्यात आधी विचारणार आहे... घरातलं वेचायला कोण जात नाही?