हाकेच्या अंतरावर

कवळ्या बनवणारा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असला, तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. लोक उलट स्वतःच ओशाळतात आणि म्हणतात, पुढचा एक जरा वाकडाच आहे हो माझा. या सवलतीवर त्याने सबंध एक वर्ष काढलं.

वय बेचाळीस. एका अरुंद इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दातांची लॅब होती, तिथे तो सतरा वर्षं काम करत होता. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर तो मेणात एकेक दात बसवायचा, आणि पक्की कवळी तयार झाली की बारीक चाकाने घासून, पॉलिश करून डबीत घालायचा. ते चाक दिवसभर कानापाशी किरकिरत असायचं. आणि शनिवारी संध्याकाळी तो ड्रम वाजवायचा. शहराबाहेरच्या रस्त्यावर एका हॉटेलची बाग होती. तिथे चौघांचा बँड पंधरा वर्षं दर शनिवारी वाजवत होता. गाणारी गणिताची शिक्षिका, गिटारवाला छापखान्यात, कीबोर्डवाला औषधांच्या दुकानात. हे तिघं त्याला ‘घड्याळ’ म्हणायचे, कारण गाणं कुठेही भरकटलं तरी त्याचा ठोका हलत नसे.

बायको इस्पितळात सिस्टर होती, लहान मुलांच्या वॉर्डात. ओळख त्याच बागेतली. मैत्रिणीच्या वाढदिवसाला आली होती आणि मध्यंतरात सरळ येऊन म्हणाली होती, “फार जोरात वाजवता हो तुम्ही.” पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली, त्याच टेबलावर बसली. लग्नानंतरही वर्ष-दोन वर्षं येत राहिली. मग मुलगी झाली, पाच वर्षांनी मुलगा झाला, आणि ते टेबल सुटलं.

घरात एक न बोललेला करार होता. शनिवार त्याचा, रविवार सगळ्यांचा. त्यामुळे रविवारी तो अगदी जीव तोडून बाप व्हायचा. झोप झालेली नसायची, डोळे चुरचुरायचे, तरी सकाळी आठच्या आत गाडीत टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी, सगळं भरलेलं असायचं. प्राणिसंग्रहालय, टेकडी, जुन्या आगगाड्यांचं संग्रहालय. आज नुसतं घरी लोळू या का, असं ती कधी म्हणाली तरी त्याच्या पचनी पडत नसे. शनिवारची भरपाई चालली आहे हे दोघांनाही कळत होतं. त्यावर बोलत मात्र कुणीच नव्हतं.

वर्षापूर्वी त्याच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. पंखा बंद केला, खिडकी लावली, तरी ती थांबेना. महिन्याभराने तो एकटाच कानाच्या डॉक्टरांकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली. जाड आवाज बरे येतायत, बारीक आवाज दोन्ही कानांतून जवळजवळ गेलेत, डावीकडून जास्त. ड्रम सोडा, चाकावर बसताना कान झाका, आणि मशीन लावून घ्या. शेवटी त्यांनी विचारलं, घरी लहान मुलं आहेत का? तो हो म्हणाला. “मग घरच्यांना सांगून ठेवा,” डॉक्टर म्हणाले. “मुलांचे आवाज बारीकच असतात.”

त्याने तो कागद चौपदरी घडी घालून लॅबमधल्या खणात, दातांच्या रंगांच्या पट्टीखाली ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं असतं तर बायकोने पहिली गोष्ट शनिवार बंद केला असता, याची त्याला खात्री होती. आणि शनिवार गेला तर आपल्यात कवळ्या आणि किराणा सोडून काय उरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तो ओठ वाचायला शिकला. सगळे हसले की हसायचं. कळलं नाही की ‘हं’ म्हणायचं. फोनवर आवाज तुटतोय म्हणायचं. अशी वेळ मारून नेत नेत एक वर्ष गेलं.

तो रविवार तलावाचा होता. शहरापासून तासाभरावर, काठाला मोठमोठे सपाट दगड, पाणी उथळ. मुलगी नऊ वर्षांची, गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन मासे हेरत होती. चार वर्षांच्या मुलाला शू लागली म्हणून बायको त्याला घेऊन चढावर गेली. जाताना तिने वळून सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेव. हे त्याला कळलं, कारण ती त्याच्याकडे तोंड करून बोलली होती.

त्याने खरंच लक्ष ठेवलं. मग मुलासाठी आणलेल्या रबरी टायरमध्ये पायपंपाने हवा भरायला घेतली. नळी निसटत होती, म्हणून तो पंपाकडे वळला. त्याची पाठ पाण्याकडे झाली ती किती वेळ, हे त्याला पुढे कधीच नेमकं सांगता आलं नाही. दोन मिनिटं, कदाचित तीन.

थोड्या वेळाने त्याने मान वर केली तर बायको चढावरून धावत खाली येत होती. मुलगा वरच बसलेला, खाऊची पिशवी त्याच्या मांडीवर. तिचं तोंड उघडं होतं, पण इतक्या लांबून ओठ कळेनात. त्याला वाटलं, गंमत करतेय. त्याने हसून फुगलेला टायर वर धरून दाखवला. ती त्याच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, थेट पाण्यात गेली.

तेव्हा तो वळला. मुलीचं फक्त तोंड पाण्याबाहेर होतं. पाय दोन दगडांच्या फटीत अडकून ती खाली बसली होती, आणि मघाशी गेलेल्या मोटरबोटीच्या लाटा एकामागून एक तिच्या नाकातोंडात जात होत्या. त्याच्यापासून ती बारा पावलांवर होती. बायकोने तिला शंभर पावलांवरून ऐकलं होतं.

बायकोने तिची हनुवटी वर धरली. तो पाण्याखाली गेला, पाय चाचपला, दगडाला खांदा लावला. पहिल्यांदा दगड हललाच नाही. वर येऊन श्वास घेताना त्याला बायकोचे ओठ दिसले, ती लेकीला सारखं एकच सांगत होती, नाकाने नको, तोंडाने घे. तो पुन्हा खाली गेला. तिसऱ्या वेळी दगड बोटभर सरकला आणि पाय सुटला. चप्पल आतच राहिली, घोट्याची कातडी सोलून निघाली.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. निदान त्याला तसं वाटलं. एका चौकात बायको खिडकीकडे बघत असताना तिची मान जराशी हलली, तेव्हा तो सवयीने ‘हं’ म्हणाला आणि घराच्या रस्त्याला वळला.

मुलांना ताटावर बसवून ती स्वयंपाकघरात आली. तिने विचारलं, गाडीत मी काय म्हणाले होते? त्याला सांगता येईना. मग तिने नळ सोडला आणि त्याच्याकडे पाठ करून काहीतरी बोलली. वळली, नळ बंद केला.

“आणि आता काय म्हणाले?”

मग त्याने सगळं सांगितलं. शिट्टी, काचेची खोली, उतरती रेघ, खण. ती ओट्याला टेकून ऐकत होती, वॉर्डात एखाद्या बापाकडून आजाराची हकिकत उतरवून घ्यावी तशी. गाडीत तिने विचारलं होतं, हिला आधी इस्पितळात नेऊ या की घरी.

“तुझे कान गेले, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही,” ती म्हणाली. “पण तुझ्या भरवशावर मी पोर पाण्यात सोडून गेले.”

“सांगितलं असतं तर तू शनिवार बंद करायला लावला असतास.”

“लावला असता की नसता, ते आता दोघांनाही कधी कळणार नाही.”

सकाळी घोट्याची पट्टी बदलताना मुलीने आपणहून सांगितलं की तिला कधीचंच माहीत होतं. बाबांशी बोलायचं तर आधी त्यांचा हात ओढायचा, मग ते बघतात. धाकट्याला अजून ते जमत नाही. “काल पण ओढणार होते,” ती म्हणाली, “पण तिथून हात पुरत नव्हता.” बायकोच्या हातातली कात्री तशीच थांबली. तो उठून गॅलरीत गेला.

बायकोने अट एकच घातली. ड्रमचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. पण मशीन लागेपर्यंत, आणि लॅबमध्ये, बँडमध्ये, मुलांच्या शाळेत स्वतः सांगून होईपर्यंत, मुलं एकट्याच्या ताब्यात मिळणार नाहीत. तिच्या ड्यूटीच्या वेळी तिची आई येऊन बसू लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरांजवळ, आपल्यावर पहारा बसलाय हे त्याला रोज जेवताना दिसायचं. सासूबाई बिचाऱ्या काही वावगं बोलत नसत. त्याच्याशी मात्र तोंड मोठं उघडून, शब्द तोडून बोलत, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

लॅबच्या मालकांनी त्याला चाकावरून उठवून मेणाच्या कामावर बसवलं. बँडला सांगायचं त्याने शनिवारवर ठेवलं. मनात होतं, सांगायचं आणि शेवटचं एकदा पोटभर वाजवून घ्यायचं. बागेत तारा जोडणं चालू होतं. त्याने तिघांना बाजूला घेऊन सांगितलं, तर तिघांपैकी कुणालाच धक्का बसला नाही. गाणारी शिक्षिकाच शेवटी बोलली.

“सहा-सात महिने झाले. गाण्याची सुरुवात तुला ऐकू जात नाही, म्हणून हा तुझ्यासमोर उभा राहून पायाने ठेका दाखवतो.”

गिटारवाला बुटांकडे बघत होता. “आम्हाला वाटलं, घरी माहीत असेल,” तो म्हणाला.

अंगात नसलेल्या गोष्टीवर इतके दिवस टाळ्या घेतल्या, असं त्याला झालं. त्याला राग आला, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळेना. त्याने स्टिक पिशवीत घातल्या आणि न वाजवताच तो निघाला. आठच्या आत दारात उभा राहिलेला बघून सासूबाई चपापल्या. ड्यूटीवरून नुकत्याच आलेल्या बायकोने त्याचा चेहरा पाहिला. मुलाची नखं वाढली होती, तिने नेलकटर त्याच्या हातात दिलं आणि स्वतः समोर बसून राहिली.

मशीन पुढच्या आठवड्यात लागलं. सवय व्हायला चार महिने गेले. भांडी, पेपराची पानं, पावलं, सगळं अंगावर यायचं, आणि गाडीत मागे बसून मुलं इतकी भांडतात हे त्याला नव्यानेच समजलं. पण विश्वास काही मशीनबरोबर डबीतून येत नाही. बायको खोलीतून जाताना मुलांकडे एकदा आणि त्याच्या कानांकडे एकदा बघूनच जायची.

एका दुपारी वॉर्डातून फोन आला. कुठल्याशा शाळेची बस उलटली होती, हातातलं टाकून या. सासूबाई गावाला गेलेल्या. ती बूट घालून दारापर्यंत गेली, थांबली, मागे फिरली. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं. तो बाहेर मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. दाराआडून, नेहमीच्याही आवाजात नाही, जरा हळूच, ती म्हणाली, “सत्तावीस.”

“सत्तावीस,” तो म्हणाला.

“औषधाची बाटली.”

“औषधाची बाटली.”

दार उघडलं. तिने पर्स खांद्याला लावली आणि मागे न बघता गेली. ती येईपर्यंतचे सहा तास त्याने मुलांना दोन हातांपलीकडे जाऊ दिलं नाही, आणि पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतःच धरून पाजला. मुलगी शेवटी वैतागली.

ड्रमसेट त्याने विकला नाही, उघडलाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी मैदानावर कार्यक्रम होता, आणि जाऊ या असं ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच दोघं श्रोत्यांत शेजारी बसली. मशीनमधून गाणं पत्र्यावर खडे टाकल्यासारखं येत होतं. तिसऱ्या गाण्याला त्याला राहवेना. मशीन काढलं तर निदान ढोल तरी छातीत नीट वाजेल, म्हणून त्याचा हात कानाकडे गेला. तिने मान हलवली आणि हनुवटीने पुढे दाखवलं. मुलं दोरीपाशी, गर्दीत, नाचत होती. त्याने हात खाली घेतला.

जरा वेळाने ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “हा ड्रमवाला घाई करतोय ना?”

तोही मघापासून तेच मोजत होता. त्याने हो म्हटलं. मग दोघं मुलांवर नजर ठेवून कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिली.