संध्याकाळची चेन

घरात मी कायम चेनचा गाऊन घालायची. बोलायला लागल्यावर माझ्या लेकीने अंगावरच्या दुधाला नावही तेच ठेवलं, चेन. संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसातून बोरीवलीला घरी पोचले, की चप्पल काढायच्या आत पायाला मिठी आणि एकच धोशा, "आई, चेन!" हातपाय धुऊन, गाऊन चढवून दिवाणाच्या कोपऱ्यात बसायचं. मग अर्धा तास फक्त ती आणि मी.

दोन वर्षांची झाली तशी सकाळची चेन सुटली. झोपतानाची तिच्या बाबाने थोपटून थोपटून सोडवली. राहिली ती संध्याकाळची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू सोडा, घाई नको. मला कसली आलीय घाई! मीच चालढकल करत होते.

कारण सांगायची लाज वाटायची. लेकीला भरवणं, न्हाऊ घालणं, पडली की उचलणं, सगळं सासूबाई करत, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत. दुसऱ्या कोणाकडे नाही असं माझ्याकडे हे एकच होतं. तेही संपलं तर ही पोर दाराकडे धावेल कशाला? या विचाराने मला खरोखर धडकी भरायची.

सासूबाई मालवणच्या. त्यांच्याकडे सगळ्यावर इलाज असतो. "किराईत उगाळून लाव गो जरासा. चेडू आपणच तोंड फिरवतला."

किराईताचा कडूपणा मी लहानपणी तापात चाखलाय. "नको हो आई," मी म्हटलं. तिने माझ्यापासून तोंड फिरवायचं, त्याचीच तर भीती होती.

"मगे तू आल्या आल्या घरात येवच नको. मी चेडवाक खाली घेवन येतंय."

आणि खरंच, त्या रोज तिला घेऊन सोसायटीच्या गेटवर उभ्या राहू लागल्या. लेक आणि मी कंपाउंडला चक्कर मारायचो, कोपऱ्यावरच्या मासेवालीपाशी बसलेली मांजरं बघायचो. वर येईपर्यंत लेकीला भूक लागलेली असायची, ती भातावर तुटून पडायची. मी नवऱ्याचा गोल गळ्याचा टी-शर्ट घालायला लागले. सुरुवातीला तिने खुंटीवरचा गाऊन ओढून आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी तिला कडेवर घेऊन खिडकीशी गेले, कावळा दाखवला. ती रडली. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून मीही रडले. छाती भरून ठणकायची ते वेगळंच.

हळूहळू दूध आटलं. तिने मागणंही सोडलं. सगळे म्हणाले, झकास, किती सहज सुटलं! मला मात्र कोणीतरी नोकरीवरून काढून टाकल्यासारखं वाटत होतं.

मग एके दिवशी सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांना खाली येणं जमलं नाही. मी सरळ वर गेले. टी-शर्ट सगळे धुवायला पडलेले, म्हणून निमूट गाऊन घातला आणि सवयीने दिवाणाच्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसले. लेक मांडीवर चढली. तिने चेन धरली. आता काय करायचं, मला सुचेना.

तिने चेन थोडी खाली ओढली, परत वर केली. खाली, वर. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"आई, आजीने माऊला हाकललं."

"हो?"

"माऊ पळाली. मी रडली. बिस्कीट पडलं. कावळ्याने खाल्लं."

सांगत काय सुटली! कावळा, बिस्कीट, पुन्हा माऊ. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "दिवसभर एक शब्द बोलूक नाय माझ्याशी. आता बघ, माझीच कागाळी सांगता आयशीक!"

पूर्वी या वेळेला तिचं तोंड दुधाने भरलेलं असायचं. आता ते मोकळं होतं, आणि दिवसभराचं सगळं तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मग? कावळ्याने काय केलं?" मी विचारलं.

ती नीट मांडी घालून बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.