नेब्रास्कातलं सांत्वन

भुतंखेतं, पूर्वसूचना वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई मी! पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं... म्हणून लिहितेय.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, शॉमबर्गला राहायचो. मी आणि माझा नवरा सुधीर, ड्राइव्ह करत डेन्व्हरला निघालो होतो. मला नुकतेच दिवस गेले होते — आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटेत नेब्रास्कात मला फार मळमळायला लागलं, म्हणून हायवे सोडून एका गावात शिरलो. एकच रस्ता, धान्याचं उंच कोठार, चर्च, कॅफे... आणि चहूकडे मका. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

कॅफेत पाऊल टाकलं आणि आतली बोलणी थांबली. मला वाटलं, नेहमीचंच — आपल्यासारखी माणसं पाहिली नसतील. पण एका म्हाताऱ्याने हॅट काढली. मग दुसऱ्याने. वेट्रेसने पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही परत याल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," सुधीर हसून म्हणाला. "आम्ही इथे पहिल्यांदाच येतोय."

तिने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग मला म्हणाली, "आम्ही अजून प्रार्थना करतो हं. तुमच्या छोट्या गार्गीसाठी."

मी झटकन हात सोडवून घेतले. मुलगी झाली तर गार्गी — हे मी मनातल्या मनात ठरवलं होतं. सुधीरलाही बोलले नव्हते.

"सुधीर, चल. आत्ताच्या आत्ता."

"अगं, विचारू तरी दे—"

"काही विचारायचं नाही!"

गाडीतून मागे पाहिलं... सगळे बाहेर येऊन उभे होते. हॅट छातीशी धरून, अंत्ययात्रेत उभे राहतात तसे.

"दुसरं कुठलं तरी इंडियन कपल असेल," सुधीर म्हणत राहिला. मग मी त्याला नावाचं सांगितलं. त्याने गाडीचा वेग वाढवला.

मुलगीच झाली. नाव दुसरं ठेवलं. पण त्यांच्या त्या गार्गीला नेमकं काय झालं होतं, हे विचारलंच नव्हतं ना... त्यामुळे मला सगळ्याचीच धास्ती. स्विमिंग पूल, स्कूलबस, साधा ताप. ती लहान होती तोवर मी धड झोपले नाही.

आज ती सुखरूप आहे, स्वतःच्या संसारात. त्या दुपारचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही. सुधीर म्हणतो, तेव्हाच विचारायला हवं होतं. मला मात्र वाटतं... विचारलं असतं, तर ते खरं झालं असतं.